न ऐकू आलेला शार्क

शार्कच्या पोटात बसवायच्या, आवाजाने आपला क्रमांक सांगणाऱ्या टॅगला चिकटवलेला छोटा लोहचुंबक काढला की टॅग सुरू होतो. हाताला काही जाणवत नाही, कानाला काही ऐकू येत नाही. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि हा टॅग ६९ किलोहर्ट्झवर बोलतो. म्हणून तो समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बादलीत सोडायचा, शेजारी हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला मायक्रोफोन, धरायचा आणि यंत्राच्या पडद्यावर त्याचा क्रमांक उमटतो का ते पाहायचं. उमटला की वहीत लिहायचा, दुसऱ्या कुणीतरी तो मोठ्याने वाचून ताडून घ्यायचा, आणि मगच टॅग निर्जंतुक द्रावणात ठेवायचा. रीफ शार्कच्या, म्हणजे प्रवाळभित्तींवर राहणाऱ्या शार्कच्या, संशोधनात मला मिळालेलं पहिलं काम हे होतं. दिसायला अगदी किरकोळ. पण हा टॅग पुढे कित्येक वर्षं एका जिवंत जनावराच्या पोटात राहणार असतो. तो सुरूच झाला नसेल तर त्या जनावराला दिलेला सगळा त्रास वाया जातो, त्यामुळे त्या बादलीपाशी मी कधी घाई केली नाही.

आमच्या पथकापुढचा प्रश्न थोडक्यात सांगता येण्यासारखा होता. एका कंकणाकृती प्रवाळद्वीपाभोवती मासेमारीला बंदी असलेला पट्टा आखलेला होता. तिथले रीफ शार्क त्या पट्ट्यातच राहतात का? बाहेर जात असतील तर केव्हा आणि कुठल्या बाजूने? हद्द ठरवताना बोटीने गस्त घालणं कुठवर जमेल, कुठल्या खुणा दुरून दिसतात, असे माणसांच्या सोयीचे विचार झालेले असतात आणि ते गैरही नाहीत. शार्कचं रोजचं फिरणं मात्र त्या वेळी कुणाला ठाऊक नसतं.

हे ठाऊक करून घेण्याची निकड का वाटावी, तेही सांगते. २०२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात ग्लोबल फिनप्रिंट प्रकल्पाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५८ देशांमधल्या ३७१ प्रवाळभित्तींवर आमिष लावलेले कॅमेरे सोडून ती पाहणी केली होती. जवळजवळ पाचातल्या एका भित्तीवर कॅमेऱ्यासमोर एकही शार्क आला नाही. आमचा मुख्य भर होता तो करडा रीफ शार्क आज आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत संकटग्रस्त गटात आहे. काळ्या टोकाचा आणि पांढऱ्या टोकाचा रीफ शार्क त्याहून एक पायरी कमी धोक्याच्या, असुरक्षित गटात. करड्या रीफ शार्कची मादी एका खेपेला जास्तीत जास्त सहाएक पिल्लं देते, गर्भ वर्षभर पोटात वाढतो, आणि मादी वयात यायलाच बरीच वर्षं जातात. इतर माशांसारखी लाखो अंडी घालून तूट भरून काढणं या जनावराला जमणारं नाही.

शार्कचा माग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उपग्रह येतो. मलाही आधी तेच वाटायचं. पण रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात जेमतेम शिरतात, त्यामुळे उपग्रहाला संदेश द्यायचा तर टॅग पाण्याबाहेर यावा लागतो. रीफ शार्क पाठीवरचा पर बाहेर काढून पोहत बसत नाही, आणि त्याचं रोजचं फिरणं काही किलोमीटरच्या आतबाहेर असतं. अशा जनावरासाठी आवाज बरा. पाण्यात आवाज दूरवर जातो. टॅग दर एकदोन मिनिटांनी टिकटिक्यांची एक माळ सोडतो, आणि दोन टिकटिक्यांमधल्या अंतरांवरून त्याचा क्रमांक कळतो. दोन माळांमधला वेळ मुद्दाम अनियमित ठेवलेला असतो. नाहीतर एकाच ठिकाणी असलेल्या दोन शार्कचे टॅग प्रत्येक वेळी एकाच क्षणी बोलतील आणि दोन्ही क्रमांक एकमेकांत मिसळून जातील. हे ऐकायला समुद्रतळाशी रिसीव्हर बसवलेले असतात. रिसीव्हर स्वतः काहीही पाठवत नाही. तो नुसता ऐकतो आणि तारीख, वेळ, क्रमांक साठवून ठेवतो. खाली जाऊन ते सगळं काढून आणायचं काम माणसांचं.

म्हणून सुरुवात शार्कपासून होत नाही, रिसीव्हरपासून होते. फूटभर लांबीची काळी नळी, टोकाला हायड्रोफोन. जिवंत प्रवाळावर काही ठोकायचं नाही हा नियम असल्यामुळे आधी वाळूचा मोकळा तुकडा शोधायचा, तिथे वजन किंवा खुंट, त्यावर साखळी आणि दोर, वर पाण्याखालीच राहील असा तरंगता गोळा, आणि मध्ये रिसीव्हर. प्रवाळाचा एखादा उंच ढिगारा आड आला तर त्याच्या मागचा सगळा भाग बहिरा होतो, त्यामुळे नकाशावर ठरवलेल्या जागा पाण्यात उतरल्यावर बदलाव्या लागायच्या. लगूनमधून, म्हणजे द्वीपाच्या कड्याने वेढलेल्या आतल्या उथळ पाण्यातून, बाहेर समुद्रात उघडणाऱ्या खिंडीत दोन्ही काठांना, भित्तीच्या माथ्याजवळ, बाहेरच्या उतारावर आणि काही लगूनच्या आत, अशी आमची मांडणी होती. खिंडीत काम करायला भरती-ओहोटीच्या मधला थोडाच वेळ मिळतो. पाणी एकदा वाहायला लागलं की डायव्हरला जागेवर थांबणंच कठीण.

प्रत्येक रिसीव्हर किती अंतरावरून ऐकतो हे मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं आमच्या पथकप्रमुख बाईंचं ठाम मत होतं. एक टॅग दोराला बांधून ठरावीक अंतरांवर ठेवायचा, तासन्‌तास ठेवायचा, आणि पाठवलेल्या संदेशांपैकी किती पोचले ते पाहायचं. हे काम इतकं संथ आहे की त्याचा कंटाळा येतो, आणि सगळ्या प्रकल्पात याच्याइतकं मोलाचं दुसरं काम नाही असं मी आज म्हणेन. बाहेरच्या उतारावर शांत दिवशी काहीशे मीटरवरचा टॅग ऐकू यायचा. तोच टॅग भित्तीच्या माथ्याजवळ त्याच्या निम्म्या अंतरावरही धड ऐकू येईना. लाटा फुटतात, पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळतात, आणि त्यात भर म्हणून स्नॅपिंग श्रिंप. ही बोटाच्या पेराएवढी कोळंबी आपली मोठी नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि त्याचा कडाड आवाज होतो. अशा असंख्य कोळंब्या भित्तीत दडलेल्या असतात. पाण्याखाली कान देऊन ऐकलं तर सुक्या काटक्या पेटल्यासारखी तडतड सगळीकडून येत असते. ती माणसाला ऐकू येणाऱ्या पट्टीत थांबत नाही, टॅगच्या पट्टीतही पसरते. याचा परिणाम पुढे सांगते, कारण आमचं सगळं गणित तिथेच अडलं होतं.

आता पकडणं. गळ गोल वळणाचे वापरायचे, म्हणजे ते घशात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतात. टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला. धातू गंजणारा, चुकून दोर तुटला तर गळ कायमचा तोंडात राहू नये म्हणून. आणि प्रत्येक गळाला पुरेसा लांब दोर, अडकलेल्या शार्कला गोल फिरत राहता यावं एवढा. करडा रीफ शार्क पुढे पोहत राहिला तरच त्याच्या कल्ल्यांवरून पुरतं पाणी वाहतं. त्याला एका जागी जखडून ठेवणं म्हणजे त्याचा श्वास आवळणं. पांढऱ्या टोकाचा रीफ शार्क वेगळा. तो तळाशी निवांत पडून तोंडाने पाणी ओढून घेऊ शकतो, दिवसा गुहांमध्ये तसा पडलेलाच दिसतो. आम्ही गळ टाकून दूर जात नसू. बोये नजरेच्या टप्प्यात ठेवायचे आणि एखादा बुडाला की लगेच निघायचं.

शार्क बोटीजवळ आला की बोलणं थांबतं. पथकप्रमुख बाई एकेकाला एकच शब्द सांगतात, बाकी सगळे आपापलं काम ओळखून असतात. शेपटीच्या मुळाशी मऊ दोराचा फास, एकजण छातीच्या परांमागे धरणारा, एकजण गळाचा दोर सांभाळणारा, एकजण घड्याळ आणि वही घेऊन. त्याला बोटीवर घ्यायचं नाही. पाण्यातच, बोटीच्या कडेला, हळूच उलटं करायचं. काही क्षण तो जोरात झटतो आणि मग अचानक सैल पडतो. पोट वर आलं की बऱ्याच शार्कची अशी अवस्था होते. स्नायू ढिले पडतात, श्वासाची लय संथ होते. तेवढ्या वेळात बोट अगदी हळू पुढे चालवत ठेवायची, म्हणजे तोंडातून कल्ल्यांकडे पाणी वाहत राहतं. घड्याळ धरणारा दर मिनिटाला मोठ्याने वेळ सांगतो. दहा मिनिटांच्या आत सगळं उरकायचं, आणि उरकलं नाही तर जिथे असू तिथे थांबून टाका घालून सोडायचं, हे आधीच ठरलेलं होतं.

मी बराच काळ वही धरली, मग डोक्याच्या बाजूला उभी राहिले, आणि खूप नंतर, आधी मेलेल्या माशांवर टाके घालण्याचा सराव करून, हातात सुरी घेतली. डोक्याच्या बाजूला उभं राहणं मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. तिथून डोळा दिसतो. या शार्कच्या डोळ्यावर खालून सरकणारं एक पांढरट पटल असतं. डोळ्याजवळ बोट हलवलं की ते पटकन वर यायला हवं. ते सावकाश आलं, किंवा आलंच नाही, तर जनावर थकलंय. कातडीवर फिकट-गडद ठिपके उमटू लागले किंवा शेपटीचा प्रतिकार गेला, तर तीही वाईट खूण. अशा वेळी सुरी उचलायचीच नाही. गळ काढायचा आणि सोडायचं. टॅग महाग असतो, पकडायला दिवस गेलेला असतो, पथकातले सगळे दमलेले असतात, आणि तरी कुणीतरी ‘नको’ म्हणायला लागतं. आमच्याकडे तो अधिकार डोक्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला होता, मग तो पथकात कितीही नवा असो. हा नियम मला फार योग्य वाटतो. सुरी हातात असलेल्याचं लक्ष छेदावर असतं, डोळ्यावर नसतं.

छेद लहान असतो, टॅग सरकेल एवढाच. टॅगची जाडी १६ मिलिमीटर. पोटाच्या मध्यरेषेच्या किंचित बाजूला, मागच्या परांच्या थोडं पुढे. दर शार्कला नवं पातं. शार्कच्या कातडीवर दातांच्याच जातीचे बारीक खवले असतात; डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागते, उलटा फिरवला तर हातमोजा खरवडून निघतो. पात्याची धार त्यावर लगेच जाते. कातडीखाली पांढरट स्नायूचा पातळ थर, त्याच्या आत उदराचं अस्तर, आणि आत लगेच यकृत. शार्कचं यकृत मोठं आणि तेलकट असतं, तेच त्याला पाण्यात तरंगायला मदत करतं. त्याला पात्याचं टोक लागू द्यायचं नाही, म्हणून शेवटचा थर पात्याने न कापता बोटाच्या टोकाने अलगद उघडायचा. मग मेणाचा पातळ लेप दिलेला टॅग आत सरकवायचा. तो सहज आत जातो. हाताला जाणवतं की आत जागा आहे, तो कुठे रुतत नाही. मग दोन-तीन टाके, आपोआप विरघळणाऱ्या दोऱ्याचे. इथे मनगटात जोर लागतो. सुई कातडीत शिरते तेव्हा करकर असा बारीक आवाज बोटांपर्यंत पोचतो.

त्याच वेळी दुसरे लोक मापं घेत असतात, पराच्या मागच्या कडेचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलच्या कुपीत टाकत असतात, नर की मादी ते पाहत असतात. नराच्या मागच्या परांना लागून असलेली क्लास्पर नावाच्या समागमाच्या अवयवांची जोडी कडक झालेली असेल तर तो वयात आलेला. मादीच्या कल्ल्यांमागे आणि परांवर कधी कधी अर्धगोल व्रण दिसतात, ते समागमाच्या वेळी नराने धरल्याचे. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मला गळाच्या जखमा वाटून धस्स झालं होतं. पोट फुगलेल्या, गाभण दिसणाऱ्या मादीला आम्ही छेद देत नसू. मापं घ्यायची, पराजवळ क्रमांकाची पट्टी लावायची आणि सोडायचं.

सोडणं हा वेगळाच भाग आहे. सुलटं करून, गळ काढून, तोंड प्रवाहाकडे धरून वाट पाहायची. बहुतेक शार्क एका झटक्यात निघून जातात आणि धरणाऱ्याच्या हाताला नुसता पाण्याचा लोट लागतो. एक नर मात्र गेला नाही. छेद छोटा, वेळ मर्यादेत, डोळ्याचं पटल ठीक, आणि तरी शेपटी हलेना. आमच्या बाई मुखवटा घालून पाण्यात उतरल्या, त्याला दोन्ही हातांनी धरून पुढे चालवत राहिल्या, बोट शेजारून हळूहळू. बोटीवर कुणी काही बोलत नव्हतं. मी घड्याळाकडे पाहायचं सोडून दिलं होतं. बऱ्याच वेळाने शेपटीचा मागचा भाग एकदा हलला, मग पुन्हा, आणि त्या पुढच्या हालचालीत तो त्यांच्या हातांतून निसटला. बाई वर आल्यावर एवढंच म्हणाल्या, “आज गळ गुंडाळा.” दुपार व्हायची होती, आमिष शिल्लक होतं. कुणी हुज्जत घातली नाही. तो नर नंतर दीर्घकाळ खिंडीतल्या रिसीव्हरवर येत राहिला. त्याचा क्रमांक मला तोंडपाठ आहे.

लगूनच्या उथळ पाण्यातल्या काळ्या टोकाच्या शार्कच्या पिल्लांचं काम त्या मानाने सुटसुटीत. भरतीबरोबर ती गुडघाभर पाण्यात येतात, तिथे मोठे शिकारी पोचत नाहीत. छातीच्या परांमध्ये नाळेचा व्रण अजून उघडा असेल तर पिल्लू अगदी अलीकडे जन्मलेलं. त्यांना टॅगही लहान.

मग महिनोन्‌महिने काही नाही. शार्क पोहतात, रिसीव्हर ऐकतात, आपण किनाऱ्यावर. परत गेलो तेव्हा काही रिसीव्हर शेवाळ आणि समुद्री जिवांच्या थराखाली ओळखू येत नव्हते. तो थर हायड्रोफोनवर वाढला की ऐकणं मंदावतं, म्हणून खरवडून साफ करायचं, बॅटरी बदलायची, नोंदी काढून घ्यायच्या, घड्याळ जुळवायचं आणि पुन्हा खाली. एक रिसीव्हर सापडलाच नाही. खुंट होता, साखळी होती, वरचा भाग वादळी लाटांनी नेलेला.

नोंदी म्हणजे नुसत्या ओळी. तारीख, वेळ, रिसीव्हर, क्रमांक, आणि ज्या टॅगमध्ये दाबाचा सेन्सर आहे त्यांची खोली. आधी खोट्या नोंदी काढायच्या. दोन टॅगांच्या माळा एकमेकींवर पडून कधी कधी तिसराच क्रमांक तयार होतो, म्हणून एखादा टॅग एका रिसीव्हरवर दिवसभरात एकदाच आला असेल तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही. मग आलेख काढायचे.

पहिला आलेख पाहून सगळ्यांना आनंद झाला. दिवसा नोंदींचा डोंगर, रात्री दरी. सूर्य मावळला की शार्क संरक्षित पट्टा सोडून जातात, असं ते चित्र सांगत होतं. खिंडीतही, भित्तीच्या माथ्यावरही. इतकं स्वच्छ उत्तर मिळाल्यावर थांबावंसं वाटतं. पण मांडणी करतानाच आम्ही काही रिसीव्हरपासून ठरावीक अंतरावर एकेक टॅग तळाशी कायमचा बांधून ठेवला होता. याला पहारेकरी टॅग म्हणतात. तो कुठेही जात नाही, म्हणून त्याच्या नोंदी दिवसरात्र सारख्याच यायला हव्यात. बाईंनी त्यांचा आलेख शेजारी ठेवला. माथ्यावरचा पहारेकरीसुद्धा रात्री ‘नाहीसा’ होत होता. बांधलेला टॅग कुठे जाणार? रात्री भित्तीवरचा कल्लोळ वाढत होता आणि रिसीव्हरला ऐकू येईनासं होत होतं. ऑस्ट्रेलियात कटलफिशवर झालेल्या एका अभ्यासात २०१० साली हेच दाखवून दिलेलं आहे. पहारेकरी टॅगांचा हिशोब घेतल्यावर दिवस-रात्रीचं चित्र बदललं होतं. वाचून माहीत असणं वेगळं, आणि आपल्याच आलेखातला निष्कर्ष डोळ्यांदेखत विरघळताना पाहणं वेगळं.

पहारेकऱ्यांच्या नोंदींचा आधार घेऊन सगळं पुन्हा मोजलं. माथ्यावरची रात्रीची दरी जवळजवळ भरून निघाली. म्हणजे तिथे शार्क रात्रीही होते, आम्हालाच ते ऐकू आले नव्हते. खिंडीतली दरी मात्र टिकली. तिथला पहारेकरी रात्रीही बऱ्यापैकी ऐकू येत होता आणि शार्क येत नव्हते. आणि हद्दीच्या अगदी कडेला, बाहेरच्या उतारावर बसवलेल्या रिसीव्हरवर तेच क्रमांक रात्री उमटत होते. हे पटण्यासारखं आहे. फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावा या प्रवाळद्वीपाच्या दक्षिण खिंडीत दिवसा शेकडो करडे रीफ शार्क गोळा होतात आणि रात्री शिकार करतात. तिथेच २०२१ साली असं दाखवलं गेलं की खिंडीत वर चढणाऱ्या प्रवाहाच्या आधाराने तरंगत ते आपली ताकद वाचवतात. आमच्या खिंडीतही दिवसभर ते जवळजवळ शेपटी न हलवता प्रवाहात टांगल्यासारखे दिसायचे. दिवसाचं विश्रांतीचं ठिकाण हद्दीच्या आत आणि रात्रीचं शिकारीचं निदान काही अंशी बाहेर, असा याचा अर्थ.

दोन टॅगांवर मात्र आम्ही खूप वेळ घालवला. एक जण कित्येक आठवडे नीट फिरत होता, आणि मग एकाच रिसीव्हरवर अखंड यायला लागला. खोलीचा आकडा पाहिला तर तो दिवसातून दोनदा थोडा वाढत होता आणि दोनदा कमी होत होता. भरती-ओहोटीच्या तक्त्याशी तंतोतंत जुळत होता. टॅग तळाशी पडलेला होता आणि त्याच्या डोक्यावरचं पाणी तेवढं वरखाली होत होतं. शार्क मेला, की शरीराने टॅग बाहेर टाकला, हे त्या आकड्यांतून कळत नाही. अहवालात तसंच लिहिलं, आणि त्या दिवसापुढच्या त्याच्या सगळ्या नोंदी काढून टाकल्या. त्या तशाच ठेवल्या असत्या तर सगळ्या शार्कांमध्ये संरक्षित पट्ट्याशी सर्वात एकनिष्ठ तोच ठरला असता.

दुसरी एक मोठी मादी. खिंडीत रोज येणारी, मग एकाएकी गप्प. आठवडे गेले, एकाही रिसीव्हरवर नाही. मग एके दिवशी द्वीपाच्या पार विरुद्ध बाजूच्या रिसीव्हरवर पहाटे उमटली आणि काही दिवसांत पुन्हा खिंडीत रुळली. पथकातल्या एकाचं म्हणणं, ती प्रसूतीला गेली असणार. फ्रेंच पॉलिनेशियातल्याच मोरेआ बेटाभोवतीच्या काळ्या टोकाच्या माद्या पिल्लं घालायला खोल समुद्र ओलांडून पन्नासेक किलोमीटरवरच्या टेटिआरोआ द्वीपाला जातात, हे जनुकीय पुराव्यांनी दाखवलेलं आहे. तो दाखला चांगला, पण जात वेगळी आणि आमच्याकडे पुरावा शून्य. ती हद्दीबाहेर मासेमारी चालणाऱ्या पाण्यात फिरली असेल, खोल उतारावर राहिली असेल, किंवा दोन रिसीव्हरमधल्या बहिऱ्या पट्ट्यात आमच्या नाकासमोर असेल. मी तिच्या नोंदींमधली ती रिकामी जागा नकाशात रेघ ओढून भरू दिली नाही. पडद्यावर सुंदर दिसते म्हणून ओढलेली रेघ पुढे कुणाच्या तरी निर्णयाचा आधार होते.

निष्कर्ष मांडले तेव्हा संरक्षित पट्ट्याचं व्यवस्थापन पाहणाऱ्यांनी सरळ विचारलं की हद्द किती बाहेर सरकवायची. आम्ही सांगितलं की खिंडीसमोरच्या बाजूला ती अपुरी आहे एवढं खात्रीने म्हणता येतं. किती अपुरी, हे या मांडणीतून निघत नाही, कारण आमचा शेवटचा रिसीव्हर हद्दीवरच आहे आणि त्यापलीकडे आम्ही ऐकतच नाही. तिथल्या मासेमारांपैकी एकाने मांडलेला मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटला. रात्री ते बाहेरच्या उतारावर कुठल्या भागात गळ टाकतात आणि तिथे शार्क केव्हा लागतात, हे त्यांना माहीत आहे. रिसीव्हर कुठे ठेवायचे ते आधी त्यांना का विचारलं नाही? पुढची मांडणी त्यांच्यासोबत नकाशा पुढ्यात घेऊन ठरली. लगूनमधले फारशा नोंदी न देणारे रिसीव्हर उचलून खिंडीबाहेर, हद्दीच्या पलीकडे दोन ओळींत बसवायचे आहेत, आणि या खेपेला प्रत्येक रिसीव्हरला त्याचा स्वतःचा पहारेकरी टॅग असेल. पोटातल्या टॅगांच्या बॅटऱ्या अजून काही वर्षं चालतील. नव्याने शार्क पकडायची सध्या गरज नाही.